एक्स बरोबर ०.२ : परत आलेल्या एका फेराइट पेपरचं प्रकरण

मराठवाड्यातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत डोकावलं, की कुठे ना कुठे फेराइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड, भेटतंच. कारण सरळ आहे. धातूंची नायट्रेटं, सायट्रिक आम्ल, हॉटप्लेट आणि मफल भट्टी एवढ्यावर नमुना तयार होतो. मोजमापं बाहेरून करून आणता येतात. अशा कामावरचे पेपर जर्नलकडून का परत येतात, त्याचं हे नमुना-प्रकरण. यातल्या चुका वेगवेगळ्या हस्तलिखितांत वारंवार दिसणाऱ्या आहेत, इथे त्या एकाच पेपरात आणून मांडल्या आहेत. आकडेमोड मात्र कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन पडताळावी.

परभणी-नांदेड पट्ट्यातलं एक अनुदानित महाविद्यालय. विद्यार्थिनी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात. विषय: कोबाल्ट फेराइटमध्ये कोबाल्टच्या जागी थोडं थोडं झिंक घालत नेलं तर रचना आणि चुंबकीय गुण कसे बदलतात. झिंकचं प्रमाण म्हणजे एक्स, ०.०, ०.१, ०.२ असं करत ०.५ पर्यंत सहा नमुने. पद्धत सोल-जेल ऑटोकंबशन: द्रावण आटवून जेल करायची, ती पेटून राख होते, ती भट्टीत भाजायची. मोजमापं नेहमीची: एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन, स्फटिकाच्या रचनेसाठी), एफटीआयआर (अवरक्त वर्णपट), एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), त्याबरोबर ईडीएस (कोणतं मूलद्रव्य किती) आणि व्हीएसएम (चुंबकनाचं मोजमाप).

पहिल्या जर्नलने हस्तलिखित रिव्ह्यूअरकडे पाठवलंच नाही, नवव्या दिवशी संपादकाच्या टेबलावरूनच परत केलं. त्यात जर्नलचा दोष नव्हता. सारांशात डेटा साठवण, गॅस सेन्सर, कर्करोगावरचे उपचार, सांडपाण्यातला रंग काढणं, मायक्रोवेव्ह शोषण असे पाच उपयोग मोजले होते आणि पेपरात त्यातल्या एकाचीही चाचणी नव्हती. कोबाल्ट-झिंक फेराइट हा कित्येक दशकं चघळलेला विषय आहे. 'आम्ही बनवलं आणि मोजलं' एवढ्यावर संपादक थांबत नाही. दुसऱ्यांदा पाठवताना पाचही उपयोग काढले आणि प्रश्न एकच ठेवला: या पद्धतीने बनवलेल्या साधारण २० नॅनोमीटरच्या कणांत झिंक वाढवल्यावर चुंबकन किती प्रमाणापर्यंत चढतं आणि कुठे उतरू लागतं? दुसरं जर्नल रसायन, भौतिकी आणि पदार्थविज्ञान तिन्ही घेणारं, वर्गणीवर चालणारं. लेखकाला खर्च नाही. तिथून 'मोठी दुरुस्ती' असा शेरा, दोन रिव्ह्यूअर आणि ४५ दिवसांची मुदत आली.

त्या ४५ दिवसांतले पहिले आठ इंग्रजी सुधारून देणाऱ्या एजन्सीचे दर विचारण्यात गेले. आपल्याकडे हे ठरलेलंच. पेपर परत आला की संशय पहिल्यांदा भाषेवर. रिव्ह्यूअर दोनच्या अकरा मुद्द्यांत भाषेचा मुद्दा एक होता, तोही शेवटचा. उरलेले दहा मुद्दे फिरून तीनच गोष्टी विचारत होते: काय तोललंत, कसं भाजलंत, मोजताना पावडर कुठे होती?

जाळीचा स्थिरांक खाली का आला?

हस्तलिखितातल्या पहिल्या तक्त्यात जाळीचा स्थिरांक, म्हणजे स्फटिकातल्या एकक पेशीच्या बाजूची लांबी, असा होता, अँगस्ट्रॉममध्ये: एक्स ०.० ला ८.३८१, ०.१ ला ८.३८७, ०.२ ला ८.३७९, ०.३ ला ८.३९८, ०.४ ला ८.४०१, ०.५ ला ८.४०६. झिंकचा आयन चतुष्फलकी, म्हणजे चार ऑक्सिजननी वेढलेल्या, जागेत बसतो आणि तिथल्या फेरिक (लोखंडाच्या) आयनपेक्षा मोठा असतो. शॅननच्या आयन-त्रिज्यांच्या तक्त्यात झिंक ०.६०, फेरिक ०.४९ अँगस्ट्रॉम. म्हणून आकडा चढत जायला हवा. निव्वळ कोबाल्ट फेराइटचा साधारण ८.३९ आणि निव्वळ झिंक फेराइटचा ८.४४, मधला प्रवास व्हेगार्डच्या नियमाने जवळपास सरळ रेषेत. मग ०.२ लाच खड्डा कसला?

हस्तलिखितातलं उत्तर: 'कॅटायनांच्या पुनर्वितरणामुळे', म्हणजे धातूंच्या आयनांनी आपसांत जागा बदलल्यामुळे. फेराइटच्या पेपरांत हे वाक्य हळदीसारखं सगळ्यात पडतं. पुनर्वितरण होत नाही असं नाही. पण ते फक्त ०.२ लाच व्हावं आणि ०.३ ला पूर्ववत व्हावं, यासाठी न्यूट्रॉन विवर्तन किंवा मॉसबाउअर वर्णपटासारखा पुरावा लागतो, आणि तो इथे नव्हता.

स्थिरांक एक्सआरडीच्या आलेखातल्या एकाच शिखरावरून, म्हणजे ३११ वरून (स्फटिकातल्या ३११ या प्रतलांचं शिखर), काढला होता. कॉपरच्या नळीचे के-अल्फा क्ष-किरण वापरले तर हे शिखर टू थीटा (किरण किती वळला तो कोन) ३५.४ अंशांच्या आसपास येतं. आता हिशेब पाहा. गोनिओमीटरची, म्हणजे यंत्रातल्या कोन मोजणाऱ्या वर्तुळाची, त्रिज्या १५० मिलिमीटर असेल आणि होल्डरमधली पावडर केंद्ररेषेपासून फक्त ०.१ मिलिमीटर वर किंवा खाली असेल, तर शिखर ०.०७ अंशाने सरकतं. ३११ वर त्याचा परिणाम स्थिरांकात ०.०१७ अँगस्ट्रॉमचा. झिंक ०.१ ने वाढवल्यावर होणारा खरा बदल ०.००५. म्हणजे कागदाच्या जाडीएवढी चूक मालिकेतल्या तीन पायऱ्या गिळते. पावडर वर फुगली तर शिखर मोठ्या कोनाकडे जातं आणि स्थिरांक कमी दिसतो. खाली दबली तर उलट.

ही चूक नव्या मोजमापाशिवाय पकडता येते, जुन्याच फाइलमधून. त्याच नमुन्याचं ४४० शिखर घ्यायचं, टू थीटा साधारण ६२.६ अंश. उंचीची चूक तिथे जवळपास निम्मी लागते. विद्यार्थिनीने ०.२ च्या नमुन्यासाठी हे केलं: ३११ वरून ८.३७९, ४४० वरून ८.३८६. नमुना एकच, स्थिरांक दोन. उरलेली शिखरंही घेऊन प्रत्येकाचा स्थिरांक उभ्या अक्षावर आणि थीटाच्या कोसाइनचा वर्ग भागिले साइन आडव्या अक्षावर मांडला. ठिपके सरळ रेषेत पडले, आणि रेषा शून्यापर्यंत लांबवल्यावर ८.३९२ मिळालं. ०.१ चं ८.३८७ आणि ०.३ चं ८.३९८ यांच्या बरोबर मधोमध. खड्डा भरला. उलटा हिशेब केला तर त्या दिवशी पावडर सुमारे ०.०८ मिलिमीटर वर होती. अर्थात उरलेल्या पाच नमुन्यांनाही हाच उपचार द्यावा लागतो. सोयीचा एक दुरुस्त करून बाकीचे तसेच ठेवणं ही लबाडी झाली.

पुढच्या वेळी काय करायचं तेही सांगून टाकू. पावडर होल्डरमध्ये भरताना काचपट्टीने वरून दाबायची, घासून सपाट करायची, आणि पट्टी होल्डरच्या कडेवर टेकवून डोळ्याच्या पातळीला धरून पाहायचं. खालून उजेड दिसला तर पावडर कमी, पट्टी डुलली तर जास्त. मागून भरायचा होल्डर असेल तर उत्तम. शंका असेल तर नमुन्यात वजनाने १० टक्के शुद्ध सिलिकॉनची पूड मिसळायची. सिलिकॉनची शिखरं कुठे यायला हवीत ते पक्कं माहीत असतं, ती जेवढी सरकली तेवढीच नमुन्याचीही.

कणांचा आकार आणि तीन दशांश

शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार काढणारं शेररचं सूत्र १९१८ चं. त्याने हस्तलिखितात १९.८५३ नॅनोमीटर आकार दिला होता. शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४२ अंश. रेडियनमध्ये ती ०.००७३३ होते आणि उत्तर खरंच १९.९ येतं. (रेडियन करायचं विसरलं तर ०.३५ नॅनोमीटर येतं, एका एकक पेशीच्या निम्म्याहून कमी. असे पेपरही छापून आले आहेत.) पण त्या ०.४२ मध्ये यंत्राची स्वतःची रुंदीही आहे. मोजमाप करून देणाऱ्या केंद्राकडून लॅन्थॅनम हेक्झाबोराइडच्या प्रमाण नमुन्याची फाइल मागवली तेव्हा त्या कोनापाशी ती ०.१२ अंश निघाली. शिखराचा आकार गाउसी धरून वर्गांची वजाबाकी केली तर आकार २०.७ होतो. लोरेंट्झी धरून सरळ वजाबाकी केली तर २७.८. सूत्र तेच, फाइल तीच, आणि उत्तरात सात नॅनोमीटरचा फरक. अशा ठिकाणी दशांशानंतर तीन आकडे लिहिणाऱ्याला रिव्ह्यूअर पुढच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. दुरुस्त प्रतीत 'साधारण २१ ते २८, शिखराचा आकार कसा धरला त्यावर अवलंबून' असं लिहिलं गेलं आणि पुढची तुलना सगळीकडे गाउसी गृहीतकावर ठेवली.

३३ अंशांजवळचा उंचवटा

रिव्ह्यूअर दोनची नजर तीक्ष्ण होती. ०.२ च्या आलेखात ३३.१५ अंशांपाशी एक बारीक उंचवटा होता. हस्तलिखितात 'एकप्रावस्था घनीय स्पिनेल', म्हणजे नमुन्यात फेराइटच्या स्फटिकाशिवाय दुसरं काही नाही, असं ठासून लिहिलं होतं. ३३.१५ हे हेमाटाइटचं (साध्या फेरिक ऑक्साइडचं) सगळ्यात मोठं शिखर. त्याचं दुसरं मोठं शिखर ३५.६ च्या आसपास येतं, म्हणजे फेराइटच्या ३११ च्या पोटात दडतं. त्यामुळे शोधायची जागा एकच, ३३.१५.

आणि ती जागा धूसर का दिसते, याचं कारण क्ष-किरणांच्या नळीत आहे. कॉपरच्या के-अल्फा किरणांची ऊर्जा ८.०४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. लोखंडाची के-कड (ज्या ऊर्जेपासून पुढे अणू क्ष-किरण गिळून स्वतः टाकू लागतो ती) ७.११ वर, कोबाल्टची ७.७१ वर. म्हणजे हे किरण नमुन्यातल्या लोखंडाला आणि कोबाल्टला पेटवतात, नमुना स्वतःच क्ष-किरण टाकू लागतो आणि आलेखाची पार्श्वभूमी उंच उठते. दोन-तीन टक्के अशुद्धी त्या गदारोळात सहज बुडते. उपाय: डिटेक्टरपुढे ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर, किंवा ऊर्जा निवडणारा डिटेक्टर, किंवा कोबाल्टची नळी, जिची ६.९३ ची ऊर्जा दोन्ही कडांच्या खाली राहते. काहीच हाताशी नसेल तर ३२ ते ३४ अंशांचा टप्पा सावकाश, प्रत्येक पायरीला भरपूर वेळ देऊन पुन्हा घ्यायचा. इथे तेच केलं. उंचवटा पक्का झाला, हेमाटाइट होतं.

ते आलं कुठून?

कोबाल्ट नायट्रेटची बाटली

नोंदवहीतल्या तारखा काढल्या. पाच नमुने एप्रिलमध्ये झालेले. ०.२ चा बिघडला होता, जेल पेटताना राख उडून अर्ध्याहून जास्त गेली होती, म्हणून तो ऑगस्टमध्ये पुन्हा केला. बाटली तीच, एप्रिलमध्ये उघडलेली, झाकण नुसतं फिरवून ठेवलेलं. कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट हवेतलं पाणी ओढतं. फेरिक नायट्रेटही ओढतं, आणि त्याची दुसरी खोड अशी की ते ४७ अंश सेल्सिअसलाच वितळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलं तर बाटलीत ढेकूळ झालेलं सापडतं. ढेकूळ फोडून तोललं, की वरच्या आणि खालच्या भागात पाणी सारखं असेल याची खात्री राहत नाही.

पाणी ओढलेलं कोबाल्ट नायट्रेट तोललं की वजन बरोबर भरतं आणि कोबाल्ट कमी पडतं. कोबाल्ट कमी म्हणजे लोखंड शिल्लक, आणि शिल्लक लोखंड भट्टीत हेमाटाइट होऊन बाहेर पडतं.

याची परीक्षा कुठल्याही कॉलेजात होते, यंत्र लागत नाही. पोर्सेलिनची मूस भट्टीत तापवून, डेसिकेटरमध्ये गार करून तोलायची. त्यात एक ग्रॅम कोबाल्ट नायट्रेट. मूस एक तृतीयांशाच्या वर भरायची नाही, कारण हे मीठ साधारण ५५ अंशांना स्वतःच्याच पाण्यात विरघळतं, मग फसफसतं आणि उडतं. आधी धूर-कपाटात हॉटप्लेटवर सावकाश. तांबूस-पिवळा धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, नाकाने तपासायची गोष्ट नाही. धूर थांबला आणि मूस कोरडी काळी झाली की ६०० अंशांना तीन तास. गार डेसिकेटरमध्येच. उरतं ते कोबाल्टचं काळं ऑक्साइड, ज्यात तीन कोबाल्टला चार ऑक्सिजन. एक ग्रॅम खऱ्या हेक्झाहायड्रेटमधून ते ०.२७६ ग्रॅम उरायला हवं. या बाटलीतून ०.२५४ उरलं. दोन मुशींत दोनदा. म्हणजे बाटलीतला माल ९२ टक्केच.

मग ०.२ च्या नमुन्याचं काय झालं ते कागदावरच दिसतं. ०.०२ मोलच्या बॅचसाठी कोबाल्ट नायट्रेट ४.६५६ ग्रॅम, झिंक नायट्रेट १.१९० ग्रॅम, फेरिक नायट्रेट १६.१६० ग्रॅम घेतलं होतं. कोबाल्ट ०.८० ऐवजी ०.७३६ च पडलं. शिल्लक सगळं लोखंड हेमाटाइट झालं असं धरलं तर वजनाने चार टक्क्यांच्या थोडं वर. काही लोखंड स्पिनेलमध्येही शिरतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी; पण उंचवटा दिसायला तेवढं पुरतं. फेरिक नायट्रेटचीही अशीच परीक्षा करता येते: एक ग्रॅममधून फेरिक ऑक्साइड ०.१९८ ग्रॅम. फेरिकची बाटली नुकतीच उघडलेली होती आणि बरोबर निघाली. एरवी दोन्ही बाटल्या सारख्याच ओल्या असत्या तर चुका एकमेकींना झाकून गेल्या असत्या आणि काहीच कळलं नसतं.

मग ईडीएसने हे का दाखवलं नाही? हस्तलिखितात ईडीएसचा तक्ता होता आणि त्यात कोबाल्ट 'अपेक्षेप्रमाणे' होतं. इथे खरी गंमत आहे. कोबाल्टची के-अल्फा रेषा ६.९३ वर आणि लोखंडाची के-बीटा ७.०६ वर. ईडीएस डिटेक्टरची विभेदनक्षमताच साधारण ०.१३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दोन रेषांमधलं अंतर आणि यंत्राची नजर सारखीच. सॉफ्टवेअरने दोन्ही नीट वेगळ्या केल्या नाहीत तर लोखंडाचा वाटा कोबाल्टच्या खात्यावर जमा होतो. खड्डा होता तिथेच ईडीएसने माती टाकली. दुरुस्तीत ५० मिलिग्रॅम पावडर कोमट संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून आयसीपी-ओईएसला, म्हणजे द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राकडे, पाठवली. ईडीएसचा तक्ता काढून टाकला, कोणतं मूलद्रव्य कुठे आहे ते दाखवणारे नकाशे तेवढे ठेवले.

इंधन किती, हे कुणी लिहीत नाही

रिव्ह्यूअर एकचा एक प्रश्न अर्ध्या ओळीचा होता: नायट्रेट आणि सायट्रिक आम्लाचं १:३ प्रमाण कशाच्या तुलनेत? या पद्धतीच्या पेपरांत १:३ मंत्रासारखं उतरवलं जातं. फेराइटच्या एका सूत्र-एककामागे तीन मोल धरले तर ०.०२ मोलच्या बॅचला मोनोहायड्रेट १२.६ ग्रॅम लागतं. प्रत्येक धातू-आयनामागे तीन धरले तर ३७.८ ग्रॅम. तिप्पट फरक. आणि ज्वलनाच्या संयुजांचा हिशेब केला, ज्यात नायट्रेटांची बेरीज उणे ४० आणि सायट्रिक आम्ल अधिक १८, तर नेमकं लागतं २.२२ मोल, म्हणजे ९.३४ ग्रॅम. विद्यार्थिनीने १२.६ घेतलं होतं. इंधन थोडं जास्त, ज्वाला मंद, राखेत कार्बन. तो पुढे भट्टीत जळतो. ३७.८ घेणाऱ्याची जेल पेटत नाही, नुसती धुमसते आणि बीकरमध्ये काळा डांबरासारखा गोळा उरतो. पेपरात आता ग्रॅम लिहिले आहेत. शेजारच्या गावातल्या प्रयोगशाळेने वाचून तसंच करून पाहावं, एवढ्यासाठीच तर 'प्रायोगिक' हा भाग असतो.

अमोनियाबद्दल एकच: पीएच ७ झाला की थांबायचं. थेंब मोजत बसलेल्या माणसाला फोन आला आणि पीएच ९ वर गेला, तर लोखंड जेलमधून सुटून तपकिरी गाळ होऊन बसू शकतं, आणि तो नमुना फेकायचाच.

भट्टी आणि वीज

'६०० अंशांना चार तास' असं छापलेलं असतं. मध्ये पन्नास मिनिटं लाइट गेलेली असते, हे छापलेलं नसतं. तीन किलोवॅटची मफल भट्टी इन्व्हर्टरवर कोण चालवणार? वीज परत आल्यावर काही कंट्रोलर उरलेला वेळ पुढे मोजतात, काही पहिल्यापासून सुरू करतात, काही नुसते बंद पडून राहतात. ०.४ चा नमुना असा दोन टप्प्यांत भाजला गेला होता आणि त्याचे कण शेजाऱ्यांपेक्षा मोठे निघाले होते. दुरुस्तीत सहाही नमुन्यांच्या शिल्लक राखा सहा छोट्या मुशींत, एकाच रात्री, एकाच भट्टीत पुन्हा भाजल्या, त्यातली ०.२ ची राख नव्या बाटलीतल्या नायट्रेटपासून केलेली. मुशी दारापासून दूर, थर्मोकपलच्या भोवती. तापमान चढवलं मिनिटाला पाच अंश. लाइट गेलीच तर वेळ लिहायला एक जण जागा ठेवला. गेली नाही, नशीब. वेगवेगळ्या महिन्यांत भाजलेल्या नमुन्यांची तुलना करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

व्हीएसएमचे आकडे

नव्याने भाजल्यावर मोजमापंही नव्याने आली. जुन्या प्रतीत ०.२ चं संपृक्त चुंबकन, म्हणजे क्षेत्र कितीही वाढवलं तरी ज्याच्या वर जात नाही तो आकडा, ६१.३७ ईएमयू प्रति ग्रॅम होतं. नमुना तोलला होता ११ मिलिग्रॅम, एक मिलिग्रॅम लघुत्तम माप असलेल्या तराजूवर. अर्धा मिलिग्रॅम इकडे-तिकडे म्हणजे साडेचार टक्के, म्हणजे जवळपास तीन ईएमयू. शेजारच्या दोन नमुन्यांमधला फरकही तेवढाच. दशांशानंतरचा .३७ हा केवळ कंपोझिटरला त्रास. नव्या मोजमापासाठी ०.०१ मिलिग्रॅमच्या तराजूवर ३० मिलिग्रॅम घेतलं, रिकाम्या होल्डरची प्रतिचुंबकीय वक्ररेषा वजा केली, आणि ०.२ साठी आकडा आला ६४ अधिक-उणे १. हेमाटाइट जवळजवळ निर्जीव. ते गेल्याने एवढी वाढ अपेक्षितच होती.

दुसरी गोष्ट 'संपृक्त' या शब्दाची. कोबाल्ट फेराइटची अनिसोट्रॉपी (चुंबकन ठरावीक दिशा सोडायला जो अडसर करतं तो) दांडगी आहे, १५ किलोओर्स्टेडला वक्ररेषा अजून चढतच असते. शेवटचा बिंदू उचलून त्याला संपृक्त म्हणायचं नाही. वरच्या टप्प्यात चुंबकन विरुद्ध क्षेत्राच्या वर्गाचा व्यस्त असा आलेख काढून तो शून्यापर्यंत न्यायचा. आणि ती रीत वापरली हे लिहायचं.

रिव्ह्यूअर एकचा मुद्दा याहून नेमका होता. हस्तलिखितात 'नेएलच्या सिद्धान्ताशी उत्तम मेळ' असं वाक्य होतं. कोबाल्ट पूर्णपणे अष्टफलकी (सहा ऑक्सिजननी वेढलेल्या) जागेत धरून नेएलच्या १९४८ च्या हिशेबाने, ज्यात दोन प्रकारच्या जागांवरचं चुंबकन एकमेकांविरुद्ध असतं, एका सूत्र-एककाला ३ अधिक ७ गुणिले एक्स एवढे बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) यायला हवेत, ०.२ ला ४.४. मोजलेल्या ६१ वरून येतात २.५८. चाळीस टक्के तूट आणि 'उत्तम मेळ'! तूट असणं चूक नव्हे. नेएलचा आकडा शून्य केल्व्हिनचा, मोजमाप खोलीतल्या तापमानाचं. वीस नॅनोमीटरच्या कणाच्या पृष्ठभागावरचे स्पिन विस्कटलेले. आणि झिंक वाढल्यावर याफेट-किटेल पद्धतीने अष्टफलकी स्पिन एकमेकांशी कोन करू लागतात. दुरुस्त प्रतीत मेळाचं वाक्य गेलं, तूट किती आणि वरच्या तीन कारणांपैकी या मोजमापातून कोणतं वेगळं करता येत नाही, ते आलं. पेपरातला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच झाला.

एफटीआयआरवर फार वेळ घालवायला नको. खालचा पट्टा ४०२ प्रति सेंटिमीटरला आहे असं लिहिलं होतं. यंत्राची पोटॅशियम ब्रोमाइडची प्रकाशिकी ४०० लाच संपते. कडेवरचा गोंधळ म्हणजे पट्टा नव्हे. तो उल्लेख काढला, ५८५ चा ठेवला.

उत्तराचं पत्र

पहिल्या मसुद्यात प्रत्येक मुद्द्याखाली 'आदरणीय रिव्ह्यूअर महोदयांचे आभार, सुधारणा केली आहे' एवढंच होतं. संपादकाला यातून काही कळत नाही. पुन्हा लिहिलेल्या पत्रात प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा, खाली दोन-चार ओळींत उत्तर, मग बदललेलं वाक्य आणि त्याचा पान-ओळ क्रमांक. खड्ड्याबद्दलचं उत्तर साधारण असं गेलं: 'निरीक्षण बरोबर आहे. पुनर्वितरणाचं आमचं स्पष्टीकरण चुकीचं होतं. नमुन्याची उंची सुमारे ०.०८ मिलिमीटर चुकली होती आणि कोबाल्ट नायट्रेट ओलं होतं. नमुना नव्याने केला आहे. जुन्या-नव्या दोन्ही फाइली पूरक माहितीत दिल्या आहेत.' मार्गदर्शक सरांना धाकधूक होती की चूक अशी उघड कबूल केली तर पेपर फेटाळतील. उलट होतं. चूक कशी झाली हे आकड्यानिशी सांगणाऱ्या लेखकाच्या उरलेल्या आकड्यांना वजन येतं.

रिव्ह्यूअर एकने पाच पेपर उद्धृत करायला सांगितले होते, चारांत एक लेखक समान. दोन विषयाला धरून होते, ते घेतले. तीन मायक्रोवेव्ह शोषणावरचे. ते का घेतले नाहीत हे पत्रात एका वाक्यात आणि संपादकाला वेगळ्या टिपणात कळवलं. प्रकाशन-नीतीच्या कोप या समितीने उद्धरणांच्या अशा दबावाबद्दल मार्गदर्शन दिलेलं आहे, त्यामुळे संपादकाला यात नवल वाटत नाही. भांडायची गरज नाही, गप्प राहून पाचही कोंबायची तर अजिबात नाही.

समानता-तपासणीत 'प्रायोगिक' भाग जवळपास पूर्ण लाल झाला होता. प्रयोगशाळेतल्या आधीच्या प्रबंधातून तो पिढीजात उतरत आलेला, त्यातल्या एका स्पेलिंगच्या चुकीसकट. नव्याने लिहिणं सोपं गेलं, कारण आता लिहायला ग्रॅम, तारखा आणि मुशी होत्या.

याच काळात विद्यार्थिनीच्या मेलवर 'तीन दिवसांत स्वीकृती'वाली आमंत्रणं येत होती, आणि मोह स्वाभाविक होता. पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी पेपरची देशव्यापी सक्ती काढली आहे, आणि यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठाची स्वतःची अट काय आहे ते आधी वाचावं. घाईचं निम्मं कारण तिथेच गळून पडतं.

दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअर दोनने एकच मागणी केली: तक्त्यात प्रत्येक स्थिरांकापुढे अधिक-उणे किती चूक असू शकते ते द्या. ती दिली. पेपर स्वीकारला गेला.

मग प्रूफ आलं, ४८ तासांच्या मुदतीत. पहिल्या वाचनात सगळं ठीक वाटलं. दुसऱ्यांदा मोठ्याने एकेक अक्षर वाचलं तेव्हा दिसलं की शीर्षकाची अक्षरं कॅपिटल करताना कोबाल्टच्या 'सीओ' या खुणेतलं दुसरं अक्षर 'ओ'ही मोठं झालं होतं. छापलं असतं तर पेपर कार्बन मोनॉक्साइड-झिंक फेराइटवरचा झाला असता. दुसऱ्या तक्त्यात अँगस्ट्रॉमच्या डोक्यावरचं वर्तुळ उडून अँपिअर उरला होता. दोन्ही खुणा लाल करून प्रूफ एकेचाळिसाव्या तासाला परत गेलं.